कोठुऱ्याचे बाळंभटदादा

(प्रस्तावना)

मल्लखांब कधीच पाहिलेला नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधूनच काढावा लागेल. शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणपतीच्या मिरवणुकीत ट्रकवर उभ्या केलेल्या खांबावर, सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात, कुठे ना कुठे तो डोळ्यांखालून गेलेला असतो. पण ही विद्या आजच्या रूपात कोणी उभी केली असं विचारलं, तर बहुतेक जण गप्प बसतात. ज्यांना नाव सांगता येतं ते एकच सांगतात : बाळंभटदादा देवधर. आणि हे दादा नाशिक जिल्ह्यातल्या कोठुरे गावचे, हे तर नाशिककरांनाही सांगावं लागतं. निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठी, द्राक्षं आणि कांद्याच्या मुलखात हे गाव आहे. न्यायमूर्ती रानडे १८४२ साली निफाडला जन्मले, हे पाठ्यपुस्तकांमुळे पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच तालुक्यात त्यांच्याआधी साठेक वर्षं जन्मलेल्या या मल्लाच्या वाट्याला पाठ्यपुस्तक आलं नाही.

दादांचा काळ १७८० ते १८५२ असा मानला जातो. त्या बहात्तर वर्षांत काय काय घडलं पाहा. मराठेशाहीचं भरतं ओसरलं, १७९६ मध्ये दुसरा बाजीराव गादीवर आला, १८१७ मध्ये शनिवारवाड्यावरचा जरीपटका उतरला, पेशवा सालीना आठ लाखांची तनखा घेऊन कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ती म्हणजे बिठूरला जाऊन राहिला आणि १८५१ मध्ये तिथेच वारला. दादा या सगळ्याच्या आतल्या गोटात होते. पेशव्यांच्या दरबारचे मल्लविद्येचे गुरू म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. एवढ्या मोठ्या उलथापालथीचा साक्षीदार असलेला माणूस, पण त्यांनी मागे ना बखर ठेवली ना ग्रंथ. ठेवली ती माणसं, आणि त्या माणसांच्या अंगात मुरलेल्या पकडी.

दादांविषयी जी गोष्ट घरोघरी सांगितली जाते, ती आधी सांगून टाकतो. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित मल्ल पुण्याला आले. गावोगावचे आखाडे आणि दरबार जिंकत, जयपत्रं घेत ते फिरत होते. बाजीरावापुढे त्यांनी मागणी ठेवली : आमच्याशी लढणारा मल्ल द्या, नाहीतर जयपत्र द्या. त्यांची अंगं पाहून दरबारात कोणी पुढे येईना. तेव्हा कोवळ्या वयाचे बाळंभट उठले, आव्हान घेतलं आणि तयारीसाठी काही दिवसांची मुदत मागितली. मुदत किती, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. कोणी दहा दिवस म्हणतं, कोणी एकवीस. दादा थेट सप्तशृंगगडावर गेले, देवीपुढे अनुष्ठानाला बसले. मारुतीने दृष्टान्त दिला आणि लाकडी खांबावर पकडी कशा घालाव्यात हे दाखवलं. दादा परतले, अलीला चीत केलं. ते पाहून गुलाबने लढायचंच नाकारलं.

ही कथा मला आवडते, आणि ती खोडून काढायची हौसही नाही. नाशिक जिल्ह्यात वाढलेल्या पैलवानाने संकटाच्या वेळी दुसरं काय केलं असतं? कळवण तालुक्यातली वणीची देवी ही तर अर्ध्या महाराष्ट्राची कुलस्वामिनी. नाशिकहून त्र्यंबकच्या वाटेवरचा अंजनेरी डोंगर इथल्या श्रद्धेनुसार मारुतीचं जन्मस्थान. समर्थ रामदासांनी बारा वर्षं तप केलं ते नाशिकच्या टाकळीला, आणि तिथला गोमय मारुती त्यांनीच स्थापला असं परंपरा सांगते. बलोपासनेची दैवतं आणि त्यांची ठिकाणं ज्या मुलखात एका दिवसाच्या चालीवर आहेत, तिथल्या तरुणाला स्वप्नात मारुती दिसला, यात नवल काही नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ही कथा दादांवर अन्याय करते. जे काम आयुष्यभराच्या मेहनतीचं, ते ती काही दिवसांच्या अनुष्ठानात गुंडाळते आणि श्रेय दृष्टान्ताला देऊन मोकळी होते. शिवाय खांबावरचा व्यायाम म्हणून पाहिला तर तो दादांच्या सातशे वर्षं आधी कोणाला तरी माहीत होताच. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचवला. राजाने खावं काय, शिकार कशी करावी, हत्ती कसे पारखावेत, मनोरंजन कोणतं करावं, सगळं त्यात आहे. त्यात मल्लांच्या तयारीचं प्रकरण आहे आणि तिथे स्तंभश्रम येतो. म्हणजे पैलवानाने खांबाला भिडून मेहनत करावी ही कल्पना महाराष्ट्र-कर्नाटकाच्या मातीत जुनीच. मग दादांनी केलं काय? या प्रश्नाचं उत्तर गडावर मिळत नाही. त्यासाठी खांबाजवळच यावं लागतं.

पुरलेला मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा असतो. जमिनीवर साधारण साडेआठ फूट. खाली जाड, वर निमुळता होत जाणारा. त्याला अंग असतं, अंगाच्या वर बारीक मान असते आणि मानेवर बोंड. खांबाला एरंडेल तेल लावतात. नवख्याला वाटतं, तेल लावल्यावर माणूस घसरणार. घसरतोच, पण हवं तिथे घसरतो आणि हवं तिथे अडतो. कोरड्या लाकडाने कातडी सोलून निघाली असती. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या कारागिराला या खांबाचा उतार समजावून सांगावा लागत नाही. जाडी किती अंतरावर किती कमी व्हायला हवी, नाहीतर मांडीची पकड कुठे सुटेल, हे तो नुसत्या हाताने चाचपून ओळखतो. इतिहास लिहिणाऱ्यांना या वस्तूकडे असं पाहता आलं असतं तर बरं झालं असतं.

या खांबावरची पहिली महत्त्वाची गोष्ट म्हणजे अढी. हातांनी किंवा बगलेने खांब धरायचा, कंबर उचलून पाय डोक्यावर न्यायचे आणि खांब मांड्यांच्या पकडीत घ्यायचा. डोकं खाली, पाय वर. मग त्याच पकडीच्या जोरावर अंग वळवून पुन्हा सरळ व्हायचं. शब्दांत एवढंच. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यात मांडीच्या आतल्या बाजूला जे वळ उठतात, ते आईला दाखवण्यासारखे नसतात. अढी बसली की बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, ताजवे, सलाम्या, फरारे, बोंडावरची आसनं असा संसार उलगडत जातो. तेढी हीसुद्धा त्याच घरातली, फक्त चढण्याची दिशा आणि अंगाचा पीळ निराळा.

आता हेच कुस्तीच्या अंगाने पाहू. दंड-बैठका, जोर, मुद्गल यांनी ताकद वाढते. पण कुस्तीत समोरचा माणूस वळतो, निसटतो, खालून वर येतो. त्याला हातांनी धरून भागत नाही. बगल, पोट, मांडी, पोटरी, पायाची बोटं, सगळ्या अंगाने धरावं लागतं, आणि तेही स्वतः उलटंपालटं झालेलं असताना. खरा जोडीदार सारखा मिळत नाही, मिळाला तर दमतो, कधी दुखावतो. खांब दमत नाही. एकच पकड शंभर वेळा घाला, तो तक्रार करत नाही. पैलवानाला मजबूत करण्याऐवजी हा खांब त्याला चपळ आणि चिकट करतो. अलीसारख्या भारी मल्लासमोर हलक्या अंगाच्या तरुणाने उतरायचं असेल, तर हीच तयारी उपयोगी पडणार. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातलं कुस्तीचं गणित चोख आहे, आणि म्हणूनच ती टिकली असावी.

माझ्या मते दादांचं काम इथे आहे. मल्लाच्या मेहनतीतला एक पूरक प्रकार त्यांनी उचलला आणि त्याला क्रम दिला, घराणं दिलं, शिकवता येईल अशी रीत दिली. पुढे कुस्ती न खेळणाराही आयुष्यभर करत राहील इतकी ती विद्या स्वतंत्र झाली. आजचा प्रत्येक प्रकार दादांनीच बसवला असं कोणी म्हणू नये. आपल्याकडे शिष्य स्वतःची भर घालतो आणि श्रेय गुरूच्या पायाशी ठेवतो, त्यामुळे थोर गुरूच्या नावावर चार पिढ्यांची कमाई जमा होते. त्यात दादांचं उणं होत नाही. ज्याच्या नावावर चार पिढ्यांना आपली कमाई ठेवावीशी वाटली, तो माणूस साधा नसणार.

१८१८ नंतर दादा बाजीरावाबरोबर उत्तरेत गेले. इथून पुढे काशी हे या विद्येचं दुसरं माहेर झालं. कोंडभटनाना गोडबोले हे दादांचे पट्टशिष्य, त्यांच्या नावाचा आखाडा काशीत झाला. नारायणगुरू देवधर, दामोदरगुरू मोघे ही नावंही याच परंपरेत पुढे येतात. बिठूरच्या वाड्यात वाढलेले नानासाहेब, तात्या टोपे आणि मोरोपंत तांब्यांची मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी, यांनीही मल्लखांब केला असं परंपरा सांगते. राणीचा मल्लखांब हा शाळांतल्या भाषणांचा लाडका विषय आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते आश्रयाचं तुटणं. पेशवाई टिकली असती तर मल्लखांब कदाचित पुण्याच्या दरबाराचं भूषण होऊन राहिला असता, सणासुदीला दाखवायचा. राज्य गेलं, तनखा आटली, मराठी माणसं ब्रह्मावर्त, काशी, ग्वाल्हेर, बडोदे अशी विखुरली आणि जिथे गेली तिथे त्यांनी खांब पुरला.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. देवधर, गोडबोले, मोघे ही आडनावं पाहिली की सुरुवातीचं वर्तुळ किती लहान होतं ते दिसतं. पेशव्यांच्या भोवतीचं, बहुतांशी एका जातीचं. गुरुघराण्यांच्या गौरवग्रंथांत हा मुद्दा सहसा गाळला जातो. पण वर्तुळ फुटलं कसं, हे सांगायचं असेल तर ते होतं हे आधी मान्य करावं लागतं.

ते फुटल्याची एक लखलखीत खूण बडोद्यात आहे. तिथे जुम्मादादा नावाचे मुसलमान उस्ताद होते. प्रोफेसर माणिकराव त्यांचे शिष्य. देशभर नाव झालेल्या माणिकरावांनी आपल्या संस्थेला गुरूचंच नाव ठेवलं : जुम्मादादा व्यायाम मंदिर. त्याच बडोद्यातून द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ पासून ‘व्यायामज्ञानकोश’ काढला. दहा खंड, मराठीत. मल्लखांब, कुस्ती, लाठी, बोथाटी, देशी खेळ सगळं सचित्र. दादांनी जे अंगात ठेवलं ते कागदावर यायला अशी शंभरेक वर्षं लागली. अलीकडे अली-गुलाबची गोष्ट सांगताना काही वक्ते त्यात दोन धर्मांचा सामना पेरतात. त्यांनी जुम्मादादांच्या संस्थेची पाटी एकदा वाचावी. आखाड्यात समोरचा मल्ल कोणत्या गावचा, कोणत्या वस्तादाचा, हे विचारतात. त्यापुढचं विचारायला श्वास उरत नाही.

ज्या जुन्या गुरूंच्या नावाने देहाची एक विद्या जगभर गेली, अशांत दादांना एक सोबती शोधायचा तर मी ब्राझीलकडे पाहीन. तिथे कपोएरा नावाची विद्या आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी ती घडवली. लढाई, नाच आणि वादन एकत्र. माणसं गोल करून उभी राहतात, बेरिंबाव नावाचं एकतारी वाद्य वाजतं आणि त्या गोलात दोघं जण एकमेकांवर लाथा फेकतात, चुकवतात, हातांवर उलटे होतात. १८९० च्या दंडसंहितेने ती गुन्हा ठरवली. मेस्त्रे म्हणजे त्यांचे वस्ताद. त्यांतले दोघे सर्वांत मोठे. मेस्त्रे बिंबा यांनी १९३० च्या दशकात साल्वादोर शहरात शाळा काढली, शिकवण्याचे क्रम बांधले आणि शिष्य व्हायला येणाऱ्याकडे नोकरीचा किंवा शिक्षणाचा पुरावा मागितला. बदनाम झालेल्या विद्येला त्यांनी असं अब्रूदार केलं. मेस्त्रे पास्तिन्या यांनी जुनी, संथ, डावपेचांची तऱ्हा जपली, १९४१ मध्ये आपलं केंद्र उभं केलं, पुस्तकही लिहिलं. सरकारी कौतुक दोघांच्याही वाट्याला आलं, पण बिंबा १९७४ मध्ये आपल्या गावापासून दूर निराशेत गेले आणि पास्तिन्या १९८१ मध्ये आंधळे होऊन, हलाखीत वारले. २०१४ मध्ये युनेस्कोने कपोएराच्या त्या गोलाची मानवजातीच्या वारशात नोंद केली.

दोन्ही विद्यांची कुळं अगदी उलटी. एक गुलामांच्या वस्तीतून वर आली, दुसरी दरबारातून खाली उतरली. कपोएराला पोलिसांशी झुंजावं लागलं. मल्लखांबावर अशी बंदी आली नाही, मात्र चापेकर बंधूंनंतर आणि १९०९ मध्ये नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा खून झाल्यानंतर तरुणांच्या तालमींकडे इंग्रज सरकार निर्धास्तपणे पाहत होतं असं कोणी म्हणणार नाही. तरी दोन्हींकडे एक गोष्ट सारखी आहे. गुरूचं नाव घेतल्याशिवाय विद्या पुढे सरकत नाही. बिंबाचा शिष्य आपल्या मेस्त्रेचा मेस्त्रे कोण हे सांगतो, तसंच आपल्याकडे मल्लखांब शिकवणारा खांबाला हात लावून कपाळाशी नेतो. फरक असा की बिंबा आणि पास्तिन्या यांची छायाचित्रं आहेत, आवाज आहेत, शिष्यांच्या आठवणी छापलेल्या आहेत. दादांचं असं काहीच नाही. त्यांना समजून घ्यायला चरित्रकाराकडे एकच साधन उरतं : आज खांबावर चढणाऱ्या पोराची अढी.

विसाव्या शतकापासून ही अढी कुठे कुठे पोचली त्याचा मोठा पट आहे; इथे थोडक्यात आटोपतो. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं आणि त्यांचा चमू १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी खेळ दाखवून आला, त्यात मल्लखांबही होता. मुंबईत शिवाजी पार्कवर १९२५ पासून समर्थ व्यायाम मंदिर आहे. नाशिकमध्ये यशवंत व्यायामशाळेने मल्लखांबाची आवड शहरात टिकवून धरली. १९८१ मध्ये मल्लखांबाचा राष्ट्रीय महासंघ झाला आणि तो नियम, गुण, वयोगट असलेला स्पर्धेचा खेळ बनला. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं. ज्या राज्यात हा खेळ घडला त्याच्याआधी शेजाऱ्याने हे केलं, याची थोडी लाज वाटायला हरकत नाही. उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मुंबईच्या हिमानी परबला २०२१ चा आणि सागर ओव्हळकरला २०२२ चा अर्जुन पुरस्कार. समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री. त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली होती आणि परदेशी मुलामुलींनी मराठी नावांचे प्रकार, मराठी नावांनीच, करून दाखवले होते.

मुलींच्या मल्लखांबाविषयी दोन शब्द. टांगत्या वेतावरचा मल्लखांब पूर्वीपासून होता. चांगला वेत मिळेनासा झाला तशी त्याची जागा सुती दोरीने घेतली, आणि दोरीचा मल्लखांब ही मुलींची वाट झाली. गाठ न मारता, फक्त अंगाच्या विळख्याने दोरीवर आसन धरायचं. चढताना पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोरी घ्यायची. उदय देशपांडे यांनी अंध मुलींनाही हा मल्लखांब शिकवला. दोरी डोळ्यांना दिसावी लागत नाही, ती अंगाला कळावी लागते. दरबारातल्या दोन मल्लांच्या आव्हानातून निघालेली गोष्ट इथवर येईल, हे सप्तशृंगीवर अनुष्ठानाला बसलेल्या तरुणाच्या स्वप्नातही नसेल. आता मुली पुरलेल्या मल्लखांबावरही उतरतात. काही जुन्या वस्तादांना हे पचायला वेळ लागला, पण पचलं.

हे सगळं अंबडला बसून का लिहायचं? कारण मल्लखांबाचं पुढचं घर अशाच ठिकाणी आहे असं मला वाटतं. अंबड म्हणजे एका बाजूला जुनं गाव, दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहत आणि मधे सिडकोच्या चिकटून उभ्या घरांच्या रांगा. खानदेशातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कुटुंबं. बाप पाळीवर, आईही कुठेतरी कामाला, आणि मुलांना मैदान म्हणावं असं काही जवळ नाही. मल्लखांबाला मैदान लागत नाही. एक खांब, खाली गादी किंवा मऊ माती, वर पुरेशी उंची आणि एक जाणता माणूस, एवढं पुरतं. पत्र्याच्या शेडमध्येही तो उभा राहतो. जिममध्ये महिन्याची फी भरून जे मिळत नाही ते इथे मिळतं : पकड, तोल, आणि स्वतःचं वजन स्वतः उचलण्याची सवय. कामगारवस्तीतल्या पोरासाठी ही श्रीमंती आहे.

पण अडचण आहे ती जाणत्या माणसाचीच. स्पर्धेमुळे मल्लखांबाचं भलं झालं, तसं थोडं नुकसानही झालं. जेमतेम दीड मिनिटाच्या संचात जास्तीत जास्त गुण बसवायचे, म्हणून मुलं मोजके अवघड प्रकार घोटतात आणि गुण न देणारे जुने प्रकार आपोआप मागे पडतात. पालक विचारतात ते दहावीच्या वाढीव गुणांचं आणि नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्क्यांचं. त्यांचं चुकत नाही. पोट सगळ्यांना आहे. मात्र दहावी झाली की खांब सुटतो आणि पुढच्या वीस वर्षांचा वस्ताद तिथेच हातचा जातो. भर म्हणून मोबाइलवरच्या चित्रफिती. पंधरा सेकंदांत बोंडावरचा तोल दिसतो, त्यामागची अढी दिसत नाही. मुलगा पहिल्याच दिवशी विचारतो, सर, वर कधी उभं राहायचं?

पुढील पानांत दादांची कथा, त्यांच्या शिष्यांची वाटचाल आणि प्रत्यक्ष मल्लखांबाचे प्रकार असा क्रम ठेवला आहे. वाचकाने तो पाळलाच पाहिजे असं नाही. इतिहासाची गोडी असलेल्यांनी काशी आणि बडोद्याच्या भागावर रेंगाळावं. तिथे अजून खोदायला पुष्कळ जागा आहे. निफाड, नाशिक, सिन्नर, येवला या भागांतल्या जुन्या घरांत कुठे तालमीची वही, जयपत्र, गेल्या शतकातलं मल्लखांबाच्या चमूचं छायाचित्र किंवा ‘व्यायामज्ञानकोशा’चे विस्कळीत खंड असतील तर ते रद्दीत जाण्याआधी जवळच्या वाचनालयाला दाखवावेत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचं आहे. दादा हयात असताना ते सुरू झालं होतं.

आणि ज्या मुलामुलींना वाचण्यापेक्षा चढण्याची घाई आहे, त्यांनी ही प्रस्तावना सोडून द्यावी, दादांची कथाही नंतर वाचावी, आणि सरळ अढीच्या प्रकरणाकडे जावं. पहिले दोन आठवडे खाली माणूस उभा असल्याशिवाय उलटं व्हायचं नाही. अंगठ्या, कडी, गळ्यातली साखळी घरी ठेवायची. एरंडेल खांबाला लावायचं, तळहातांना लागलं तर पुसायचं. बोंडाकडे इतक्यात पाहायचं नाही.

अंबड, नाशिक